ओसरीवरचे वाद्य अंगणात

लालबाग म्हटले की आपल्या मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मुंबईचे लालबाग उभे राहते. माझे लालबाग बऱ्हाणपूरचे. भुसावळहून खांडव्याकडे जाणारी गाडी रावेर सोडून मध्य प्रदेशात शिरली, की थोड्याच वेळात आमचे स्थानक येते. स्थानकाच्या अंगाने पसरलेली ही वस्ती. जवळच खान-इ-खानान अब्दुल रहीमच्या काळातला कुंडी भंडारा जमिनीच्या पोटात आजही वाहतो आहे. शहरात यंत्रमागांची खडखड दिवसरात्र चालू असते. तिची आम्हांला इतकी सवय की वीज गेली आणि माग थांबले, म्हणजेच आमच्याकडे माणूस झोपेतून जागा होतो.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी एका संध्याकाळी माझे थोरले बंधू बँकेचे पासबुक घेऊन घरी आले. दादा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठे. तीस वर्षे त्यांनी मागावर काढली. शिल्लक पडलेल्या पैशांतले सत्तर हजार रुपये त्यांनी बाजूला काढले होते. नातू गिटार वाजवतो. त्याला कार्यक्रमात वाजवायला डिजिटल प्रोसेसर आणि स्पीकर हवा होता.

"तू इतिहासाचा एम. ए. आहेस, इंग्रजी वाचतोस," दादा म्हणाले. "यातलं चांगलं कोणतं ते सांग. पैसे एकदाच जाणार आहेत."

इतिहासाच्या मास्तरला गिटारच्या यंत्राचे काय कळणार, असे म्हणून मी हात झटकू शकलो असतो. पण दादांचा शब्द मोडण्याची आमच्या घरात रीत नाही. शिवाय एक जुना धागाही होता. १९७५ च्या सुमारास दादा स्वतः एका ऑर्केस्ट्रात हवाईन गिटार वाजवीत. मांडीवर आडवी गिटार, डाव्या हातात लोखंडी कांडी, आणि तारेवरून ती कांडी सरकली की माणसाच्या गळ्यातल्यासारखी मींड. मी तेव्हा पहिली-दुसरीत होतो. ते सूर आणि त्यांच्यामागची भोंग्याची घरघर, दोन्ही माझ्या कानात आहेत. तेव्हा मी कामाला लागलो, आणि मला येते त्या वाटेने म्हणजे मागून पुढे गेलो.

बैठकीचे आणि दारावरचे

आपल्याकडे वाद्यांच्या दोन जाती फार पूर्वीपासून मानल्या गेल्या आहेत. ग्रंथात नसतील, पण व्यवहारात आहेत. एक दारावरची, दुसरी बैठकीची. सनई, चौघडा, तुतारी ही दारावरची. त्यांचा आवाज वेशीपर्यंत जायचा असतो. बीन, सतार ही ओसरीवरची किंवा दिवाणखान्यातली. ऐकणारा चार हातांवर बसलेला असतो. अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त बादशाही नगारखान्याची मोजदाद दिली आहे. नगाऱ्यांच्या सुमारे २० जोड्या, दमाम्यांच्या सुमारे १८ जोड्या आणि एकदम फुंकल्या जाणाऱ्या ९ सुरना. विजेचा शोध लागण्यापूर्वी मोठा आवाज मिळविण्याचा हाच एक मार्ग होता. माणसे वाढवा, वाद्ये वाढवा आणि ती उंचावर बसवा.

सुरतेहून आग्र्याला जाणारा एक मोठा रस्ता आमच्या बऱ्हाणपुरातून जाई. ईस्ट इंडिया कंपनीचे लोक जहांगीरच्या दरबाराशी संबंध जोडू लागले, तेव्हा नजराण्यांबरोबर त्यांनी वादकही पाठविले. १६१३ साली पॉल कॅनिंगच्या शिष्टाईबरोबर दोघे वादक होते. लॅन्सलॉट कॅनिंग व्हर्जिनल नावाचे लहानसे पेटीवजा तंतुवाद्य वाजवी, तर रॉबर्ट ट्रली कॉर्नेट नावाचे फुंकवाद्य. बादशहाला कॉर्नेट फार आवडले. तसे आणखी करवून घेण्याची त्याने खटपटही केली. व्हर्जिनलची मात्र कोणी फारशी दखल घेतली नाही. पुढे सर टॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात आमच्या बऱ्हाणपुरात शाहजादा परवेझला भेटला आणि तेथून अजमेरला गेला. १६१६ च्या जानेवारीत त्याने बादशहाला पुन्हा व्हर्जिनलच भेट दिले, आणि या वेळी मात्र ते ऐकून बादशहा खूश झाल्याची नोंद त्याने केली आहे.

दरबार तोच, बादशहा तोच, वाद्यही तेच. एकदा फिके पडले, एकदा रंगले. आवडीनिवडीचा भाग त्यात असेलच. पण नाजूक तारेचा आवाज भरल्या दरबारात किती पोचणार, हा प्रश्नही होताच. वाद्य कितीही चांगले असो, ते वाजते कुठे आणि ऐकणारा बसला आहे किती लांब, यावर अर्धा निकाल लागतो. दादांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला इथेच सापडायला हवे होते. पण माणूस वाचतो एक आणि वागतो दुसरेच.

तारेखाली लोहचुंबक

गिटार मूळची ओसरीवरचीच. तिला अंगणात आणले विजेने. १९२५ साली अमेरिकेत राइस आणि केलॉग या दोघांनी हलत्या वेटोळ्याचा लाउडस्पीकर सिद्ध केला. आज आपल्या घरातल्या रेडिओपासून मिरवणुकीतल्या भिंतीएवढ्या बॉक्सपर्यंत बहुतेक ठिकाणी तेच तत्त्व आहे. पाठोपाठ जॉर्ज बोशँप याने पोलादी तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविले. तार हलली की वेटोळ्यात वीज हलते. तीच वाढवून स्पीकरला द्यायची. रिकनबॅकर कंपनीने ही गिटार १९३२ मध्ये बाजारात आणली. तिचा आकार पाहून लोक तिला तवा म्हणत.

दादांना मी सांगितले, तेव्हा त्यांचा चेहरा खुलला, ती गोष्ट अशी, की बाजारात आलेली ही पहिली विजेची गिटार हवाईन होती. मांडीवर आडवी ठेवून कांडीने वाजवायची. म्हणजे दादांचीच जात! आपल्याकडे हवाईन गिटारचे वेड पसरविण्यात हवाई बेटांवरच्या टाउ मो कुटुंबाचा मोठा वाटा. १९४० च्या दशकात त्यांचा मुक्काम कलकत्त्यात होता. लखनौचे व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारवर चित्रपटगीते वाजवून ती घरोघर पोचविली, आणि त्यांच्याबरोबर अ‍ॅकॉर्डियनवर असत आपल्या पुण्याचे इनॉक डॅनियल्स. १९६७ मध्ये 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काब्रांनी हीच गिटार शिवकुमार शर्मांचे संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्या पंक्तीला बसविली.

दादांच्या ऑर्केस्ट्राकडे रेडिओ दुरुस्त करणाऱ्याने जोडून दिलेला एक अ‍ॅम्प्लिफायर आणि मांडववाल्याचे दोन भोंगे. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ कंपने करते. भोंगा हे यंत्र भाषणासाठी. एवढा खालचा सूर त्याच्या नरड्यातून निघतच नाही. त्यामुळे दादांच्या गिटारचे अर्धे अंग लोकांनी कधी ऐकलेच नाही.

एका डबीतला कारखाना

पुढची गोष्ट थोडक्यात. अ‍ॅम्प्लिफायर जास्त ताणला की आवाज फाटतो. तो फाटलेला आवाजच तरुणांना आवडू लागला. १९६२ मध्ये मुद्दाम आवाज फाडणारी 'फझ'ची डबी निघाली, १९६७ मध्ये पायाने रडविणारे 'वा-वा' पेडल आले. १९७४ मध्ये रोलँडने फितीवर प्रतिध्वनी करणारे यंत्र काढले. त्याच घराण्यातल्या बॉसने १९८३ मध्ये प्रतिध्वनीची डिजिटल डबी काढली आणि १९८८ मध्ये अनेक डब्या एकाच पेटीत घातल्या. १९९८ मध्ये लाइन सिक्स कंपनीच्या 'पॉड'ने जुन्या नामांकित अ‍ॅम्प्लिफायरांची नक्कलच गणिताने करून मुठीएवढ्या यंत्रात बसविली. आज नातवासारखी मुले ज्याला प्रोसेसर म्हणतात, ते याच वंशाचे. तारेतून आलेली वीज सेकंदाला ४४ किंवा ४८ हजार वेळा मोजायची, त्या आकड्यांवर हिशेब करायचा आणि पुन्हा वीज करून बाहेर सोडायची.

या हिशेबात एक गोम आहे, आणि आमची फजिती तिथेच झाली. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार कंपनांच्या पुढचा आवाज फारसा सोडत नाही. ती त्याची उणीवच, पण तिच्यामुळेच फाटलेल्या आवाजाची खरखर गाळली जाते आणि तो गोड लागतो. प्रोसेसर थेट मिक्सरला लावायचा असेल, तर ही गाळणीसुद्धा यंत्रातच चालू करावी लागते. तिला मुले 'कॅब' म्हणतात. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला लावायचा असेल तर ती बंद ठेवावी लागते. नाहीतर गाळलेले पुन्हा गाळले जाऊन आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा होतो.

कोजागिरी

खरेदीआधी अनुभव घ्यावा, म्हणून नातवाने मित्राचा प्रोसेसर मागून आणला आणि पंधरा दिवस रात्री हेडफोन लावून आवाज बसविले. कोजागिरीला आमच्या वस्तीच्या मैदानात कार्यक्रम होता. दूध आटत होते, सतरंज्या भरल्या होत्या. मुलाने पहिली तान घेतली आणि पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज मैदानभर गेला. मित्र ते यंत्र अ‍ॅम्प्लिफायरला लावीत असे, म्हणून गाळणी बंद होती. कोणी पाहिलेच नव्हते. भरीला अर्थिंग सैल. सूर थांबला की मागे पन्नास कंपनांची 'हूं' चालूच. मुलाने घाबरून आवाज आणखी वाढविला. लेकरे घेऊन बसलेल्या बाया उठल्या, मग मागच्या सतरंज्या रिकाम्या झाल्या. तिसऱ्या गाण्याला संयोजकांनी दुधाचे पेले वाटायला घेतले.

पुढच्या रांगेत एकटे दादा खुशीत मान डोलवीत होते. माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाले, "आज कसं कडक लागतंय!"

मुलाने ते ऐकले. त्याने खालमानेने वायर गुंडाळली आणि कोणाशी न बोलता घरी गेला. मी मात्र रात्रभर दादांच्या त्या वाक्याचाच विचार करीत होतो. मैदानातल्या एकूण एक माणसाला जो आवाज टोचला, तो दादांना बरा कसा लागला?

दिवाळीनंतर दादांचे कान तपासून घेतले. डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखविला. खालच्या सुरांना रेघ बरी चालते आणि चार हजार कंपनांपाशी विहिरीत उतरावे तशी खाली जाते. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केलेल्या माणसाचा कान आधी तिथेच जातो, असे ते म्हणाले. तीस वर्षांच्या खडखडीने दादांच्या कानालाच गाळणी बसविली होती. खिळ्याचा आवाज त्यांच्यापर्यंत पोचेतो गोड होऊन येत होता.

कुंडी भंडाऱ्याचा धडा

त्या आठवड्यात मी नातवाला घेऊन कुंडी भंडाऱ्यावर गेलो. १६१५ सालचे हे काम. रो बऱ्हाणपुरात आला तेच वर्ष. सातपुड्यातून झिरपणारे पाणी शंभरावर कुंड्यांच्या खालून, नुसत्या उतारावर, शहराकडे येते. पंप नाही, रहाट नाही. मी त्याला म्हटले, "बाबा रे, तुझा आवाजही असाच वाहतो. तार, वेटोळे, प्रोसेसर, मिक्सर, स्पीकर. एकामागून एक कुंड्या. एक तुंबली तर पुढे गढूळच येणार. आणि लोक पाणी पितात ते शेवटच्या कुंडीचे. आपण पहिल्या कुंडीला संगमरवर लावायला निघालो होतो."

मुलगा हसला. कोजागिरीनंतर पहिल्यांदा.

मग आम्ही हिशेब उलट्या टोकाकडून मांडला. असा प्रसंग वाचकांच्या घरीही येईल, म्हणून तो क्रम इथे देतो.

आधी जागा. हा मुलगा वाजविणार कुठे? शाळेचे अंगण, गणपतीचा मांडव, लहान सभागृह. श्रोते शंभर ते दोनशे. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर १०० असेल तर सोळा मीटरवर ७६. उलट स्पीकरचे वॅट दुप्पट केले तर जेमतेम तीन डेसिबल मिळतात. म्हणून मागच्या रांगेसाठी वॅट विकत घेत बसण्यापेक्षा स्पीकर डोक्यांच्या वर उंच ठेवणे स्वस्त पडते. अबुल फजलच्या नगारखान्याला हे ठाऊक होते.

मग स्पीकर. प्रोसेसरने अ‍ॅम्प्लिफायरची नक्कल आधीच केलेली असते. त्याला हवा स्वतःचा रंग न मिसळणारा, खालपासून वरपर्यंत सगळे सूर सरळ सोडणारा, आत अ‍ॅम्प्लिफायर असलेला बॉक्स. बारा इंची पुरतो. खोक्यावर 'पीएमपीओ'चे हजारो वॅट छापलेले दिसले तर तिकडे पाहू नये. 'आरएमएस'चा आकडा विचारावा. तोच बॉक्स तिरका ठेवला तर वाजविणाऱ्याला स्वतःचे वाजविणे ऐकू येते. मोठ्या कार्यक्रमात मांडववाल्याच्या मिक्सरला दुसरी वायर देता येते.

त्यानंतर प्रोसेसर. शेकडो आवाज भरलेले आहेत, हे ऐकून भुलू नये. एका कार्यक्रमात चार-पाच लागतात. पाहायचे ते असे. दोन वाटांनी आवाज बाहेर काढता येतो का आणि गाळणी एका वाटेवर चालू, दुसरीवर बंद ठेवता येते का. लांब वायरीला चालणारी, घरघर न पकडणारी तीन टाचण्यांची जोडणी आहे का. पायाची बटणे इतकी दूर आहेत का की चप्पल दोन्हींवर पडणार नाही. पडद्यावरची अक्षरे उन्हात वाचता येतात का. हिशेबाला यंत्र काही सहस्रांश सेकंद घेते, त्याची धास्ती नको. हवेतून एक मीटर यायलाच आवाजाला तीन सहस्रांश लागतात.

चौथी वीज. अर्थिंग तपासलेले, गिटार आणि मिक्सर एकाच फळीवर, आणि आमच्यासारख्या मागांच्या गावात व्होल्टेज सांभाळणारे यंत्र.

शेवटी कान. हेडफोनवर हळू आवाजात बसविलेली चव मैदानात टिकत नाही. आवाज लहान असला की कानाला अगदी खालचे आणि अगदी वरचे सूर कमी लागतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखविले होते. माणूस ते दोन्ही वाढवून ठेवतो, आणि मैदानात तेच अंगावर येतात. म्हणून आवाज बसवावा तो मोठ्या स्पीकरवर, ज्या जोराने वाजवायचे त्या जोराने.

धोबी तलाव

डिसेंबरात रात्रीच्या गाडीने आम्ही तिघे मुंबईला गेलो. धोबी तलावाच्या बाजूला वाद्यांची जुनी दुकाने आहेत. दुकानदाराने आधी मोठा, रंगीत पडद्याचा प्रोसेसर पुढे केला. दादांची नजर त्यावर खिळली. नातवाला सर्वांत भारी वस्तू द्यायची, हे त्यांनी मनात धरले होते. तो घेतला तर स्पीकरला पंधरा हजारही उरत नव्हते. मी म्हटले, आधी स्पीकर ऐकू. मुलाने ओळखीचे गाणे लावून चार बॉक्स ऐकले, एक निवडला, आणि मग त्याच बॉक्सवर तीन प्रोसेसर लावून पाहिले. मधल्या किमतीचा आणि भारी यांतला फरक त्याला जेमतेम कळला, मला कळलाच नाही. स्पीकर बदलला की फरक मात्र पायरीवर उभ्या पोऱ्यालाही कळत होता.

दादा म्हणाले, "सगळेच जरा मंद लागतात. वरचं वाढव."

मुलगा थांबला. बटणावर हात ठेवून माझ्याकडे पाहू लागला. आजोबांचे पैसे, आजोबांचा हट्ट. मलाही काय बोलावे सुचेना. आलेखाचा कागद माझ्या खिशात होता, पण भर दुकानात तो काढणे माझ्याने झाले नाही.

क्षणभराने दादाच म्हणाले, "राहू दे. माझ्या कानावर जाऊ नकोस. माझी जीभ मेलीय म्हणून मी तिखट मागतो. जेवायचं लोकांना आहे."

मधल्या किमतीचा प्रोसेसर आणि बारा इंची बॉक्स घेऊनही सुमारे बावीस हजार उरले. यंत्रांची नावे देत नाही. दोन वर्षांत ती जुनी होतील. उरलेल्या पैशांतून मुलासाठी कानात घालायच्या बोळ्या घेतल्या. बाकीचे दादांच्या श्रवणयंत्रासाठी ठेवावेत असे मी सुचविले. ते अजून तयार नाहीत.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर लाउडस्पीकर बंद. मांडवामांडवांतून हे आकडे कोणी पाहत नाही, हे मीही जाणतो. पण ओसरीवरचे वाद्य अंगणात आणण्याचे सामर्थ्य शंभर वर्षांपूर्वी माणसाच्या हाती आले, आणि अंगण किती मोठे आहे हे विचारायला तो विसरला, असे मला हा सगळा इतिहास चाळताना वाटत राहिले. मोठा आवाज आता कोणालाही विकत मिळतो. कान कोणत्याच दुकानात मिळत नाही.

२६ जानेवारीला आमच्या शाळेच्या अंगणात मुलाने वाजविले. बॉक्स ओट्यावर, उंच. दादा या वेळी सर्वांत मागे, चिंचेखाली खुर्ची टाकून बसले होते. कार्यक्रम संपल्यावर मी जवळ गेलो.

"कसं झालं रे?" त्यांनीच मला विचारले.

"चांगलं झालं."

"लोक बसून राहिले ना?"

"शेवटपर्यंत."

"मग झालं," दादा म्हणाले, आणि खुर्ची उचलून ठेवायला लागले.